मी सही केली नाही

आज सकाळी इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आपल्या मराठी मंडळातलेच एक काका दारात. हातात सह्यांचा कागद. जवळच अपार्टमेंट्स होणार आहेत, त्यातली काही कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखीव, म्हणून विरोध. "अगं, असले लोक आले की शाळांची वाट लागते. घरांचे भाव पडतात ते वेगळंच." मी सही केली नाही. चहा विचारला, नको म्हणाले. दुपार झाली तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

असले लोक म्हणजे काळे आणि हिस्पॅनिक, लॅटिन अमेरिकेतून आलेले. काकांनी उच्चार केला नाही, मलाही विचारावं लागलं नाही.

एडिसनमधली आपली माणसं इतक्या लवकर विसरतात कशी? २०१७ च्या शाळा मंडळाच्या निवडणुकीत पोस्टाने कार्डं आली होती. त्यांवर लिहिलं होतं, चिनी आणि भारतीय आपलं गाव बळकावताहेत, यांना क्रिकेटची मैदानं हवीत, आता पुरे! एक उमेदवार चिनी वंशाचे, एक आपल्या भारतीय वंशाच्या. दोघांच्या फोटोंवर 'हाकलून द्या'चा शिक्का. आमच्या पेटीतलं कार्ड हातात धरून मी ड्राइव्हवेवर थिजले होते. शेजारचे आजोबा आले. गोरे, उभं आयुष्य फोर्डच्या प्लांटमध्ये घालवलेले. त्यांनी कार्ड वाचलं, टराटरा फाडलं आणि म्हणाले, "माझी आई इटलीहून आली तेव्हा तिलाही हेच ऐकवलं होतं."

२००० साली या गावात साठेक टक्के गोरे होते. २०१० पर्यंत ते ४४ टक्क्यांवर आले आणि आज निम्म्याहून जास्त गाव आशियाई आहे. गोऱ्यांपैकी कितीतरी जण घरं विकून निघून गेले. आजोबा राहिले.

त्यांनी ते घर एकट्याच्या पगारावर घेतलं होतं. कारखान्यातल्या पगारावर! प्लांट २००४ मध्ये बंद पडला. आजोबा मुलीकडे राहायला गेले तेव्हा त्या घरासाठी बोली लावणारे सगळे आपलेच, घरटी दोन-दोन आयटीचे पगार. कष्टाचा पैसा आहे, त्याची लाज नाही. गावातलं मध्यम घरही आता वर्षाला १ लाख डॉलरच्या वर कमावतं. पण आजोबा आज तिशीत असते तर त्यांना आमच्या गल्लीत भाड्याची खोलीसुद्धा परवडली नसती. माझ्या सासूबाईंना आंघोळ घालणारी बाई पर्थ अँबॉयहून बस बदलत येते. तिचे हात चालतात, ती शेजारी नको?

शाळा खचाखच भरल्यात, मान्य. रूट २७ वर संध्याकाळी गाडी हलत नाही, तेही मान्य. पण छोटी घरं पाडून बंगले उठले तेव्हा सह्या घेत कोण फिरलं?

न्यू जर्सीतल्याच माउंट लॉरेल गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या काळ्या कुटुंबांना त्यांच्याच गावात परवडेल असं घर बांधू देत नव्हते. ती माणसं कोर्टात गेली, म्हणून १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गावांनी गरिबांनाही जागा दिली पाहिजे. आपण इथे आलो तेही १९६५ मध्ये इमिग्रेशनचा कायदा बदलला म्हणून, आणि त्यामागे काळ्यांचीच चळवळ होती. हे आपल्या मुलांना कोण सांगणार?

काका वाईट नाहीत. मी नवीन होते तेव्हा बर्फात माझी गाडी अडकली, ती काढायला हेच धावले होते. त्यांची सगळी पुंजी त्या घरात आहे, भीती वाटत असेल. पण भीती तर कार्ड छापणाऱ्यांनाही वाटत होती, आणि ती आपण ऐकून घेतली नाही. का घ्यायची?

पुढच्या आठवड्यात प्लॅनिंग बोर्डाची, म्हणजे बांधकामांना मंजुरी देणाऱ्या गावाच्या मंडळाची, सभा आहे. मी बोलणार आहे, आजोबांची गोष्ट सांगणार आहे. एडिसनमधल्या मैत्रिणींनो, मुलांना घेऊन या. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही या आणि 'असले लोक' म्हणजे कोण ते माइकवर सांगा.