ठिपका गेला, रोग राहिला

कुत्रं आजारी पडलं की कण्हतं, मांजर रुसून पलंगाखाली जातं. मासा यातलं काहीच करत नाही. त्याचा चेहरा जन्मापासूनच काळजीचा. तब्येत ठणठणीत असतानाही तो ओठ हलवत असा बघतो की जणू कुणीतरी त्याचे पैसे बुडवलेत. त्यामुळे चेहऱ्यावरून निदान करायचं मी सोडून दिलंय. टाकीसमोर गुडघे टेकायचे, नाक काचेला लावायचं आणि वागणूक बघायची. अंग खडीवर घासतोय का? पर मिटून घेतलेत का? कल्ले धापा टाकल्यासारखे हलताहेत का? एकीकडे मी त्याला तपासतो, दुसरीकडे तो मला. त्याचं निदान लवकर होत असावं.

पण अंग घासलं म्हणजे परजीवीच झाले, असं नाही. खराब पाण्यानेही मासा अंग घासतो. म्हणून औषधाची बाटली उचलण्याआधी पाणी तपासायचा टेस्ट किट उचलायचा. माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी दोन विषं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. यातला एकही आकडा शून्य नसेल तर आधी पाणी बदला. अमोनियाने पोळलेल्या कल्ल्यांवर औषध ओतणं म्हणजे धुराने गुदमरलेल्या माणसाला खोकल्याचं औषध पाजणं.

पाणी ठीक निघालं की ठिपक्यांकडे वळायचं. अंगावर मिठाचे दाणे पेरल्यासारखे पांढरे, सुटे ठिपके, एकेक जेमतेम एक मिलिमीटर, परांवरही आणि अंगावरही: हा इक नावाचा परजीवी. पूर्ण नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. मासा मरेपर्यंत ते तोंडपाठ होत नाही, म्हणून सगळे इकच म्हणतात. ठिपके दाणेदार नसून सोनेरी पूड भुरभुरल्यासारखे असतील तर तो व्हेल्व्हेट, दुसरा परजीवी. खोलीत अंधार करा, टॉर्च बाजूने तिरका धरा, पूड चमकते. व्हेल्व्हेटचा जीव उजेडावरही थोडंफार पोट भरतो, म्हणून त्याच्या उपचारात टाकीचा दिवा बंद ठेवतात. आणि कल्ल्याच्या झाकणांवर व पुढच्या परांच्या कडेवर नेटक्या रांगेत पांढरे टिपके असलेला गोल्डफिश दिसला, तर बाटली खाली ठेवा. तो नर वयात आलाय. लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलाला देवी निघाल्या म्हणून इस्पितळात टाकण्यातला तो प्रकार आहे.

आता इकचं कपट. जो ठिपका आपल्याला दिसतो तो परजीवी माशाच्या कातडीखाली पांघरूण घेऊन जेवत बसलेला असतो. औषध तिथे पोचत नाही. पोट भरलं की तो सुटतो, खडीवर किंवा पानावर चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत फुटत जातो. एकाचे शेकडो, कधी हजारापर्यंत. ती पिल्लं बाहेर पडून पोहायला लागतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषधाच्या तावडीत ती सापडतात एवढ्याच वेळात.

म्हणजे ठिपके गेले त्या दिवशी आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि नेमकं तेव्हाच खडीत बाळंतपण सुरू असतं. बहुतेक माणसं याच दिवशी औषध थांबवतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके दुप्पट होऊन परत येतात आणि दोष औषधाला जातो. हे चक्र २५ अंशांना आठवड्याच्या आत पुरं होतं, १० अंशांना महिन्यापेक्षा जास्त लांबतं. म्हणून तापमान वाढवायचं ते परजीवीला उकडायला नव्हे, त्याला घाई करायला: लवकर सुट, लवकर फूट, लवकर मर. दर काही तासांनी एक अंश असं करत ३० अंशांपर्यंत न्यायचं आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर तिथेच ठेवायचं. ३० ला बहुतेक इकचं वाढणंच खुंटतं, काही चिवट जाती मात्र दाद देत नाहीत. गोल्डफिशसारख्या थंड पाण्याच्या माशांवर हा प्रयोग नको. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. कल्ल्यांत परजीवी घेऊन बसलेल्या माशाला तेवढा फरकही जीवघेणा ठरतो. एअर पंप रात्रभर चालू ठेवायचा. त्याच्या घरघरीने झोप उडाली तर ती आपली.

यानंतर परीक्षा अंकगणिताची. औषधाचं प्रमाण लिटरवर असतं आणि आपल्या टाकीत किती लिटर पाणी आहे हे कुणालाच माहीत नसतं, मग टाकी विकत घेताना ऐकलेला आकडा खरा धरला जातो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागा. ६० × ३० × ३५ ची टाकी ६३ लिटरची. पण वर रिकामी जागा, खाली खडी. खडीपासून पाण्याच्या पातळीपर्यंत पट्टी लावली तर २६ भरतात, म्हणजे पाणी जेमतेम ४७ लिटर. ६३ चं औषध ४७ मध्ये ओतलं की डोस एकतृतीयांशाने जास्त. लोच आणि कॅटफिशसारख्या बिनखवल्यांच्या किंवा बारीक खवल्यांच्या माशांना मॅलकाइट ग्रीन या इकवरच्या औषधाचा एरवीही निम्माच डोस सोसतो. ते या हिशेबात आधी जातात, इक मागे राहतो.

इकवर मीठ घालणार असाल तर लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे इथे ९४ ग्रॅम. तेही वेगळ्या भांड्यात विरघळवून, दोन दिवसांत तीन हप्त्यांनी. मूठभर मीठ थेट टाकीत फेकलं तर माशाला ते डोळ्यात फेकल्यासारखंच. मीठ बाष्पाबरोबर उडत नाही, तेव्हा पातळी उतरली की साध्या पाण्याने भरायची. पाणी बदलाल तेव्हा मात्र काढलेल्या पाण्याबरोबर जेवढं मीठ गेलं तेवढंच परत. झाडं कुरकुरतील. त्यांना दुसरीकडे हलवलं तर चिकटलेला परजीवीही सोबत हलतो.

औषध घालण्याआधी फिल्टरमधला कार्बन काढायचा. तो औषध इमाने-इतबारे शोषून घेतो आणि आपण स्वच्छ पाण्यावर उपचार करत बसतो. स्पंज मात्र तसाच ठेवायचा, अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात असतात. फॉर्मॅलिन या दुसऱ्या औषधाच्या बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला तर ती टाकून द्या. तो गाळ माशांना विषारी असतो आणि बाटली हलवून मिसळणारे लोक मी सोडून जगात बरेच असावेत. तांब्याच्या औषधाने गोगलगाई आणि झिंगे परजीवींच्याही आधी मरतात.

आणि जे ठिपके नाहीत त्यांचं काय? माशाच्या पार्श्वभागातून लाल धाग्यांची झुबकेदार टोकं डोकावत असतील तर तो कॅमॅलॅनस जंत. जेवायला बसण्याआधी हे बघू नये. लेव्हामिसोल लिटरला २ मिलिग्रॅम, दिवा बंद, २४ तास. गंमत अशी की या औषधाने जंत मरत नाही, लुळा पडून बाहेर येतो. मग मासा तो खाऊ म्हणून परत गिळायला धावतो. म्हणून दुसऱ्या दिवशी खडी सायफनने ओढून काढायची, निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं आणि तीन आठवड्यांनी हाच सोहळा पुन्हा.

कल्ल्यांतले चपटे कृमी डोळ्यांनी दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शक लागतो. त्यांना प्राझिक्वान्टेल, लिटरला २ मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळायला इतकी टाळाटाळ करतं की बाटलीत घालून हात दुखेपर्यंत हलवावं लागतं. अंडी घालणाऱ्या कृमींच्या अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा. पिल्लं घालणाऱ्या कृमींची तऱ्हा वेगळी: आईच्या पोटात मुलगी, मुलीच्या पोटात नात, सगळं एकाच वेळी तयार. एकत्र कुटुंबाची एवढी ओढ दुसरीकडे बघितली नाही.

यातलं बरंचसं टळतं ते नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्याने, वेगळ्या जाळीसह. ओली जाळी एका टाकीतून दुसरीत नेली की वेगळी टाकी फक्त मनाच्या समाधानापुरती उरते. पण नवा मासा पिशवीतून बघताना इतका गोड दिसतो की चार आठवड्यांचे चार तास होतात.

शेवटचा ठिपका जाऊन आठवडा झाला की पाणी बदलायचं, कार्बन परत बसवायचा, तापमान हळूहळू उतरवायचं. मॅलकाइट ग्रीनचा रंग पाण्यातून निघून जातो. टाकीच्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनमधून जात नाही. ते निळसर-हिरवे पट्टे तसेच राहतात, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे शेवाळ का घासत नाही तुम्ही?