कललेला केक आणि आतल्या काठ्या: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा केक तुम्ही आमच्याकडून नेलात आणि आम्हाला एक स्टार दिलात. तुमचं म्हणणं असं: वरचा मजला एका बाजूला कलला आणि सगळ्या फोटोंत तसाच आला, केक कापल्यावर आत लाकडाच्या काठ्या निघाल्या आणि त्यातली एक आजोबांच्या प्लेटमध्ये गेली, चार किलोचे पैसे घेऊन आम्ही वजनात लाकूड मोजलं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आमच्या चुका आहेत. तिसरी तशी नाही, ती कशी ते पुढे सांगते.

आधी आजोबांबद्दल. कवळी लावून खाणाऱ्या माणसाच्या घासात काठी यावी, हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. केक हॉलवर पोचवताना आमच्या मुलाने फक्त सही घेतली. आत काय आहे, कापायचं कसं, हे कुणालाही सांगितलं नाही. वाढप्यांनी वरचा मजला न उतरवता सुरी सरळ खालपर्यंत घातली, यात त्यांचा दोष नाही. सांगणं आमचं काम होतं.

काठ्या मात्र घालाव्याच लागतात. तुमचा खालचा केक दहा इंची, अडीच किलोचा होता आणि वरचा सात इंची, दीड किलोचा. व्हिप क्रीमचा स्पंज मऊ असतो. त्याच्यावर दीड किलो नुसतं ठेवलं तर तासाभरात वरचा केक खाली रुतायला लागतो, खालच्याचं पोट बाहेर येतं आणि क्रीम कडेने फुटतं. म्हणून वरचा केक स्वतःच्या पुठ्ठ्याच्या बोर्डवर बसवतात आणि त्या बोर्डखाली डॉवेल, म्हणजे याच लाकडी काठ्या, उभे करतात. वजन डॉवेलवरून थेट खालच्या पाटावर उतरतं, स्पंजवर भार येत नाही. स्लॅब खांबांवर उभा असतो तसंच. तुमच्या केकमध्ये असे चार होते, बोर्डच्या कडेपासून इंचभर आत. पाचवा लांब, टोकदार केलेला, दोन्ही मजल्यांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत. रस्त्यात गतिरोधकांवर वरचा केक सरकू नये म्हणून तो असतो. त्याचं वरचं टोक गुलाबाच्या फुलाखाली झाकलेलं होतं, त्यामुळे तुम्हाला ते दिसणं शक्यच नव्हतं.

लाकूड खाण्याच्या पदार्थात चालणारं, बिनरंगाचं, सहा मिलिमीटर जाडीचं आहे. पक्कडीने तोडलं तर टोक चिरडतं आणि कुसळं निघतात, म्हणून आम्ही छोट्या करवतीने कापतो, टोकं पॉलिश पेपरने घासतो, धुऊन वाळवतो आणि मगच केकमध्ये घालतो. कबाबच्या सळया स्वस्त पडतात, पण त्या बारीक असतात, मऊ स्पंजमध्ये तिरक्या होतात. त्या मी वापरत नाही.

आता कलण्याबद्दल. मी त्या दिवशी हाताखालच्या मुलीला विचारलं तेव्हा कळलं की तिने प्रत्येक डॉवेल त्या-त्या जागी खोचून, क्रीमच्या पातळीला खूण करून, वेगवेगळा कापला होता. वाटतं बरोबर, पण क्रीमचा वरचा थर कधीच काटेकोर सपाट नसतो. एका बाजूला तीन-चार मिलिमीटरचा उंचवटा असला की तेवढाच फरक डॉवेलमध्ये येतो, आणि वरचा केक आखूड डॉवेलच्या बाजूला झुकतो. मे महिन्यातल्या दुपारी गाडीत क्रीम सैल झालं आणि तो झुकाव आणखी दिसायला लागला. मधला लांब डॉवेल होता म्हणून केक घसरला नाही, एवढंच. खरी पद्धत अशी: केक फ्रिजमध्ये घट्ट करायचा, सर्वांत उंच जागी एकच डॉवेल तळाला टेकेपर्यंत घालायचा, खूण करून बाहेर काढायचा, आणि बाकीचे तीन त्याच मापाने कापायचे. टेबलावर चारही डॉवेल शेजारी-शेजारी उभे करून माथे जुळतात का ते पाहायचं. हे मला माहीत होतं, मी तिला नीट शिकवलं नव्हतं. केक बाहेर पडण्याआधी मी स्वतः पाहिलाही नाही. तेव्हा तिला बोल लावू नका.

वजनाबद्दल: दोन्ही केक आम्ही डॉवेल घालण्याआधी, बोर्डचं वजन वजा करून तोलतो. तुमच्या बिलावर दोन्ही आकडे वेगळे लिहिलेले आहेत, कृपया पाहा. पाचही काठ्या मिळून काही ग्रॅमच्या पलीकडे जात नाहीत, पण त्या ग्रॅमचेही पैसे तुमच्याकडून घेतलेले नाहीत.

त्या दिवसापासून दुकानात गवंड्याची छोटी पाणसळ आणून ठेवली आहे. वरचा मजला बसवण्याआधी बोर्ड डॉवेलवर नुसता ठेवून ती वर ठेवतो आणि पातळी पाहतो. प्रत्येक मजली केकच्या खोक्यावर आता मोठ्या अक्षरात चिठ्ठी असते: आत किती काठ्या, मधली आधी वर ओढून काढा, मग बोर्डखाली पॅलेट नाईफ (लांब चपटी सुरी) घालून वरचा केक उतरवा, खालच्या काठ्या मोजून काढा आणि नंतरच कापा. हॉल शहरात असेल तर आमचं माणूस कापेपर्यंत थांबतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

सजावटीचे आणि पोचवण्याचे मिळून घेतलेले १,५०० रुपये आज परत पाठवते. केक तुम्ही सगळ्यांनी खाल्लात आणि चवीबद्दल तक्रार नाही, म्हणून केकची रक्कम ठेवून घेत आहे. तुम्हाला हे पटलं नाही तर दुकानात या, बसून बोलू.

आजोबांच्या हिरडीला किंवा कवळीला काही इजा झाली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाली असेल तर दंतवैद्याचं बिल मला द्या. आणि त्यांना भेटून माफी मागायची आहे, कधी येऊ ते कळवा.