सात जणांचा बेल कर्व्ह

अप्रेझलचा महिना आला की माझ्यासमोर तोच तक्ता येतो. वर इतके टक्के, मध्ये इतके, आणि तळाला कुणीतरी 'बसवायचाच'. टीम सात जणांची! सात माणसांत कसला आलाय बेल कर्व्ह?

बेल कर्व्ह म्हणजे घंटेच्या आकाराचा आलेख: बहुतेक जण मध्ये, दोन्ही टोकांना मोजके. उंचीला तो शोभतो. खोलीतला सगळ्यात उंच माणूस इतरांच्या दुप्पट नसतो. कामाच्या फळाचं गणित वेगळं. ओबॉइल आणि अग्विनिस या अभ्यासकांनी २०१२ साली सहा लाखांहून जास्त संशोधक, कलाकार, राजकारणी आणि खेळाडूंची कामगिरी तपासली. या लोकांच्या १९८ गटांपैकी ९४ टक्के गट बेल कर्व्हपेक्षा पॉवर लॉच्या जवळ निघाले: मूठभरांच्या नावावर ढीगभर, बाकीच्यांच्या वाट्याला थोडंथोडं. (हे लोक ऑफिसात नोकरी करणारे नव्हेत, हा आक्षेप मला मान्य आहे.) कंपन्यांच्या आकाराचंही तेच. रॉबर्ट ॲक्स्टेल यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांची आकडेवारी मांडली, तीत आकार दहापट झाला की कंपन्यांची संख्या साधारण एक दशांश होते.

म्हणून लगेच 'स्टार' मंडळींची आरती ओवाळायची नाही. पहिलं मोठं काम ज्याला मिळतं त्यालाच दुसरं मिळतं, तिसरंही. ढीग असाच वाढतो. त्यात गुण किती आणि नशीब किती, हे मला तरी सांगता येत नाही.

पण माझा खरा राग दुसऱ्याच टोकावर आहे. सरासरीत रमलेल्यांना मोठं अरिष्ट दिसतच नाही. भूकंपांत तीव्रता एकाने वाढली की संख्या साधारण दहापट घटते, पण शून्य होत नाही. १७ जानेवारी १९९५ ला जपानमधलं कोबे शहर भूकंपाने हादरलं. तिकडे सिंगापूरमध्ये ब्रिटनच्या बॅरिंग्ज बँकेचा सौदे करणारा निक लीसन याने जपानचा शेअर बाजार फारसा हलणार नाही, यावर प्रचंड पैसा लावला होता. बाजार कोसळला, तसा त्याने डाव आणखी वाढवला. तोटा ८२ कोटी ७० लाख पौंड. १७६२ पासूनची बँक एका पौंडाला विकली गेली.

लीसनचे जुने तोटे ८८८८८ नंबरच्या खात्यात लपलेले होते. वरिष्ठांना दिसत होता फक्त नफा. त्यांच्या लेखी तो बँकेचा हिरा होता. आमच्या तक्त्यात तो सगळ्यात वरच्या रकान्यात बसला असता.