अराशी कॉपी नव्हता, आयता स्टार नव्हता आणि भांडून तर अजिबात फुटला नाही

ती पोस्ट परत फिरायला लागलीये. के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या, मराठी ग्रुपमध्ये तर दर दोन दिवसांनी कुणीतरी टाकतंच आणि खाली लोक "अगदी खरंय" म्हणून मोकळे होतात. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जपानचा अराशी हा बॉय बँड म्हणजे कोरियन ग्रुप्सची कॉपी, कंपनीने पाच गोंडस पोरं उचलून पहिल्या दिवसापासून आयतं स्टार केलं, त्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं, जपानबाहेर त्यांना काळं कुत्रंही विचारत नाही आणि शेवटी पैशांवरून भांडून 2020 मध्ये बँड फुटला, आता पाचजण एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. मी पुण्यात जपानी शिकायला लागले तेव्हापासून या पाचजणांना ऐकत आलेय, त्यामुळे गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेते.

कॉपीचा मुद्दा आधी, कारण त्याला दोन तारखा पुरतात. अराशीचं पहिलं गाणं 3 नोव्हेंबर 1999 ला आलं आणि कोरियाच्या बीटीएस या ग्रुपचं 2013 मध्ये. कुणी म्हणेल की कोरियात एच.ओ.टी. हा बॉय बँड 1996 लाच आला होता. हो, आला होता, पण अराशीच्याच एजन्सीचा, म्हणजे त्यांना घडवणाऱ्या कंपनीचा, स्मॅप हा ग्रुप 1988 मध्ये तयार झाला आणि 1991 ला त्याची पहिली सीडी आली. शिवाय ती एजन्सी पोरांचे नाचणारे-गाणारे ग्रुप 1960 च्या दशकापासून काढत होती. दोन्ही देशांनी एकमेकांकडून घेतलंय आणि त्यात वाईट काहीच नाही, पण "कॉपी" म्हणायचं तर आधी कॅलेंडर तरी उघडून बघा ना.

नावाचं पण सांगते. अराशी म्हणजे वादळ. आणि हे नाव ठेवण्यामागे एक कारण असं सांगतात की ते "अ" पासून सुरू होतं, म्हणजे यादीत सगळ्यांच्या आधी. जपानी अक्षरमाला अ-इ-उ आणि मग का-सा-ता-ना अशी जाते, आणि हा क्रम बौद्ध भिक्षूंमार्फत तिकडे पोचलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आलाय. क्लासमध्ये हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की घरी येऊन आईला फळ्यासारखं भिंतीवर लिहून दाखवलं होतं.

आता "आयते स्टार". 15 सप्टेंबर 1999 ला हवाईमध्ये होनोलुलूजवळ समुद्रात एका बोटीवर ग्रुपची घोषणा झाली, बोट, समुद्र, कॅमेरे सगळं झकपक, हे खरं. पण त्या बोटीवर उभी असलेली पोरं कोण होती ते बघा. ओनो सातोशी 18 वर्षांचा, त्याआधी क्योतोमध्ये राहून दिवसाला अनेक स्टेज शो केलेला आणि एजन्सी सोडायच्या विचारात असलेला. निनोमिया काझुनारी 16 चा, त्यालाही एजन्सी सोडून अमेरिकेत दिग्दर्शन शिकायचं होतं. आईबा मासाकी 16 चा, त्याचं नाव तर अगदी ऐनवेळी आत आलं. साकुराई शो 17 चा, घरचा ओढा सगळा शिक्षणाकडे. खऱ्या अर्थाने उत्साहात होता तो मात्सुमोतो जुन, तोही 16 चा. लीडर ओनो झाला, पण कसा, तर जांकेनवर, म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री. आणि पहिल्या गाण्यात त्यांना जे कपडे दिले होते ते पारदर्शक प्लास्टिकचे, आतून अंग दिसतंय असे. पुढे वीस वर्षं टीव्हीवर तो व्हिडिओ लावला की पाचहीजण तोंड लपवायचे.

पहिलं गाणं चाललं, जोरात चाललं. जपानमध्ये भरलेल्या व्हॉलीबॉल वर्ल्ड कपचं ते गाणं होतं, रोज टीव्हीवर वाजायचं, साडेनऊ लाखांच्या पुढे खप गेला. पोस्टवाल्यांची गोष्ट इथेच संपते. खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण पुढची पाच-सहा वर्षं आकडे उतरतच गेले. 2002 ते 2004 मध्ये बहुतेक सिंगलचा, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या सीडीचा, खप दोन लाखांच्या आत-बाहेर आला होता. 2002 मध्ये त्यांच्यासाठी काढलेल्या नव्या लेबलवरून, म्हणजे रेकॉर्ड कंपनीतून, जी पहिली सिंगल आली ती 500 येनला विकली, म्हणजे एक नाणं टाका आणि सीडी घ्या. टीव्हीवर त्यांना मिळायचं काय, तर रात्री उशिराचे छोटे शो. पुढे एका कार्यक्रमात दोघंदोघं जण म्हाताऱ्या माणसांच्या घरी नातू म्हणून जायचे, जेवण करायचे, घरातली कामं करायचे. आयत्या स्टारला कुणी भांडी घासायला लावतं का?

2004 च्या ऑगस्टमधला तो प्रसंग तर शोधून बघाच. निप्पोन टीव्हीवर दरवर्षी 24 तास सलग चालणारा एक मदतनिधीचा कार्यक्रम असतो, त्या वर्षी तो अराशीकडे होता. शेवटी आईबा बाकी चौघांना लिहिलेलं पत्र वाचायला उभा राहिला आणि पहिल्या काही ओळींतच रडायला लागला. आवाज फुटेना, कागद हातात थरथरत होता, बाजूला उभे चौघं डोळे पुसत होते. पत्रात होतं की आपण टॉपला जाऊ, जायचंच. त्या वेळी हे वाक्य कुणालाही खरं वाटण्यासारखं नव्हतं.

मग काय बदललं? पाचहीजण वेगवेगळ्या वाटेने गेले आणि मिळालेलं परत ग्रुपमध्ये आणलं. 2005 ला मात्सुमोतो एका शाळेतल्या प्रेमकथेच्या मालिकेत आला आणि घराघरात पोचला, 2007 ला तिच्या दुसऱ्या भागाचं गाणं अराशीचं होतं, ते आजही जपानमध्ये लग्नांत वाजतं. 2006 ला निनोमिया हॉलीवूडच्या क्लिंट ईस्टवुडच्या, इवो जिमा बेटावरच्या लढाईच्या सिनेमात होता, त्याच वर्षी साकुराई, जो काम करता करता केइओ विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन बसला होता, रात्रीच्या बातम्यांचा निवेदक झाला. आईबा प्राण्यांच्या कार्यक्रमात, ओनो रंगमंचावर आणि चित्रं काढण्यात. 2008 ला वर्षभरात सर्वात जास्त खपलेल्या सिंगल्सच्या ओरिकॉन यादीत (जपानमध्ये गाण्यांच्या खपाची हीच मुख्य यादी) पहिला आणि दुसरा नंबर अराशीचा, 2009 ला पहिले तीन. म्हणजे पहिल्या सीडीपासून टॉपला जायला नऊ वर्षं लागली, नऊ!

"त्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं" हे वाचून तर मला खरंच राग आला. गाण्यांतले रॅप साकुराई स्वतः लिहायचा. दहा वर्षं झाली तेव्हाच्या गाण्याचे शब्द पाचजणांनी मिळून लिहिले. आणि कॉन्सर्ट मात्सुमोतो बांधायचा. 2005 मध्ये त्याने असा स्टेज आणला जो प्रेक्षकांच्या डोक्यावरून सरकत मागे जातो आणि त्याचा तळ पारदर्शक. शेवटच्या रांगेत, सगळ्यात स्वस्त वाटणाऱ्या जागेवर बसलेली मुलगी वर बघते आणि तिला बुटांचे तळवे दिसतात, पाचजण तिच्या डोक्यावर नाचतायत. मागे बसलेल्यांनाही जवळून दिसलं पाहिजे यासाठी केलेली ती खटपट होती.

एजन्सीची ताकद पाठीशी होती हे मी नाकारत नाही. टीव्हीवाले त्या कंपनीला घाबरायचे, आणि तिच्या संस्थापकाने कित्येक वर्षं मुलांचं लैंगिक शोषण केलं हे कंपनीनेच सप्टेंबर 2023 मध्ये मान्य केलं. ते भयंकर आहे, त्याला मऊ शब्द नाही. पण त्यावरून त्याच कंपनीत पोरसवदा वयात शिरलेल्या मुलांची मेहनत शून्य ठरवायची हा कुठला न्याय?

बाहेर कुणी ओळखत नाही, हा मुद्दा अर्धा खरा आहे. 2006 ला तैवान आणि कोरियात, 2008 ला शांघायला त्यांचे कार्यक्रम झाले, पण एजन्सीने कित्येक वर्षं गाणी ऑनलाइन येऊच दिली नाहीत, बातम्यांच्या साइटवर त्यांचे फोटोसुद्धा लावू द्यायचे नाहीत. जपानची सीडीची बाजारपेठ एवढी मोठी की बाहेर जायची गरजच वाटली नाही. यूट्यूब, इन्स्टा हे सगळं 2019 च्या शेवटी उघडलं. तरीही त्याच 2019 मध्ये जगात सर्वात जास्त खपलेला अल्बम कुणाचा होता माहितीये? जागतिक संगीत उद्योगाची संघटना आयएफपीआयच्या यादीप्रमाणे अराशीचा, 33 लाख प्रती, टेलर स्विफ्ट दुसरी.

आणि आता ते भांडण. 2017 च्या जूनमध्ये ओनोने चौघांना बसवून सांगितलं की मला एकदा थांबून मोकळं जगायचंय. त्यावर कुणी आदळआपट केली नाही, महिनोन्महिने बोलत राहिले. चौघांनी चालू ठेवायचं का, हा प्रश्नही होता, पण पाचातला एक नसेल तर तो अराशी नाही यावर सगळे आले. 2018 च्या फेब्रुवारीत कंपनीला सांगितलं आणि 27 जानेवारी 2019 ला जगाला, म्हणजे थांबायच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. पत्रकार परिषदेत एकाने हे बेजबाबदारपणाचं नाही का असं विचारलं तेव्हा साकुराईने शांतपणे सांगितलं की आभार मानायला एवढा वेळ ठेवलाय, तोच आमचा प्रामाणिकपणा. मग 50 कार्यक्रमांची टूर पूर्ण केली. 2020 ला कोविड आला, ठरलेलं बरंच बुडालं, आणि 31 डिसेंबरला टोकियो डोम या स्टेडियममध्ये एकही प्रेक्षक नसताना शेवटचा कार्यक्रम ऑनलाइन झाला. त्या प्रचंड रिकाम्या डोमकडे तोंड करून पाचजण वाकले होते.

पैशांवरून भांडलेली माणसं साडेतीन वर्षं एकमेकांना सांभाळून घेत थांबायची तयारी करत नाहीत. निनोमियाने 2023 मध्ये ती एजन्सी सोडली, तरी एप्रिल 2024 मध्ये पाचजणांनी मिळून अराशी नावाचीच कंपनी काढली, आणि मग मात्सुमोतोनेही एजन्सी सोडली. मे 2025 मध्ये पाचहीजणांनी मिळून जाहीर केलं की 2026 च्या वसंतात एक टूर करू, 2020 ला ज्या चाहत्यांचा समोरासमोर निरोप घेता आला नाही त्यांचा निरोप घेऊ आणि मगच संपवू. त्या टूरचं नाव आहे "वी आर अराशी".

पोस्ट टाकणाऱ्यांना बाकीचं नसेल पटत तर राहू दे, पण ती "एकमेकांचं तोंडही बघत नाहीत" ही ओळ तेवढी आजच काढा.