एका फुंकरीचे साडेतीनशे

सोसायटीच्या ग्रुपवर काल रात्री एक सूचना पडली. तिच्यात माझं नाव नाही, फक्त फ्लॅटचा नंबर आहे. पण बारा फ्लॅटच्या सोसायटीत नंबर म्हणजे नावच. सूचना काय ते नंतर सांगतो. आधी शाम्पू.

जानेवारीतलं पुणं, सकाळचे पावणेसात. डोक्याला फेस, डोळे गच्च मिटलेले, आणि शॉवरचं पाणी एकाएकी असं गार झालं की तोंडून थेट आईचीच हाक निघाली. गॅस गीझर विझला होता.

आमचा गीझर बाथरूममध्ये नाही, ड्राय बाल्कनीत आहे. मुद्दाम. बंद मोरीत गॅस जळत राहिला की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. आत गेलेला माणूस बाहेरच येत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशी एखादी बातमी असतेच. तरी आमचा दुकानदार म्हणत होता, "आतच लावा की साहेब, पाइप वाचेल." पाइप वाचेल! बायकोने हट्टाने बाहेर लावून घेतला आणि तिचं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त एकच होतं, गीझर विझला की टॉवेल गुंडाळून पॅसेज, मग स्वयंपाकघर, मग बाल्कनी अशी वारी करावी लागते, आणि त्या वेळी स्वयंपाकघरात पोळ्यांच्या मावशी असतात. पहिल्या हिवाळ्यात त्या लाजून भिंतीकडे बघायच्या. आता लाटणंही थांबवत नाहीत. "विझला का?" एवढंच.

बाल्कनीत जाऊन सेलचा डबा उघडला. यात दीड व्होल्टचे दोन जाडे सेल असतात. ते संपले की ठिणगी नाही, ठिणगी नाही तर काहीच नाही. नवे घातले. नळ सोडला. ती ओळखीची टकटक काही येईना. पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. तेवढ्यात बरोबर खालच्या बाल्कनीतून आवाज आला.

"विझला का?"

हे अण्णा. दुसरा मजला, फ्लॅट सात, सोसायटीचे सेक्रेटरी. मी "नाही नाही, होतंय" म्हणेपर्यंत ते माकडटोपी घालून वर आले सुद्धा. मी टॉवेलवर होतो हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांनी ते मिनिट्समध्ये घेतलं नाही.

"किती लिटरचा आहे?"

"सहा."

"मग बरोबर आहे. सहा लिटर संपलं."

"अण्णा, याला टाकी नसते. सहा म्हणजे मिनिटाला सहा. पाणी तांब्याच्या नळीतून जाता जाता तापतं."

"असं कंपनी म्हणते."

"अहो, टाकी असती तर दिसली असती ना?"

अण्णांनी गीझरवर बोटाने टिचक्या मारल्या, कलिंगड वाजवून बघतात तशा. कान लावला. "आत आहे," म्हणाले.

शाम्पू कपाळावरून भुवयांवर आला होता आणि तिथेच वाळायला लागला होता.

"वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो हा, माहितीये ना? सेफ्टी असते. तुम्ही वीस मिनिटं अंघोळ करता?"

"चार मिनिटं झाली होती फार तर."

"मोजली होती?"

"जास्तच लागतात त्यांना," मावशी आतून म्हणाल्या.

मग अण्णांनी प्रवाह मोजायला काढला. बादली किती लिटरची, हे घरात कुणालाच सांगता येईना, तेव्हा फ्रिजमधल्या लिटरच्या बाटलीने मोजायचं ठरलं. अण्णांच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, माझ्या हातात बाटली. "स्टार्ट!" म्हणून ते असे ओरडले की समोरच्या इमारतीतल्या दात घासणाऱ्या बाई घासायच्या थांबल्या. बाटली भरायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागलं. म्हणजे मिनिटाला दोन लिटर. हा आकडा खरं तर सगळं सांगत होता. अण्णा म्हणाले, "पाण्याचा प्रश्न नाही," आणि सेलकडे वळले.

"चांगला सेल आपटला की उडत नाही. संपलेला उडतो."

हे अगदी खोटं नाही. अल्कलाइन सेलचं असं होतं. पण ते करायचं चार बोटांवरून, टेबलावर. अण्णांनी कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडला. सेल आडवा पडला, शांतपणे गडगडत कठड्याखालच्या फटीपाशी गेला, क्षणभर थांबला आणि तिसऱ्या मजल्यावरून दिसेनासा झाला. खाली कुणाच्या तरी स्कूटरवर ठण्ण झालं.

अण्णांनी वाकून बघितलं.

"उडाला नाही," म्हणाले. "म्हणजे चांगला होता."

उरलेली अंघोळ मावशींनी तव्याशेजारी तापवून दिलेल्या पातेलंभर पाण्यात उरकली. त्यांना पोळ्या थांबवाव्या लागल्या नाहीत. शेगडी आणि गीझर दोन्ही एकाच सिलिंडरवर आहेत, हे लक्षात येऊन मी पुन्हा एकदा चिडलो. गॅस होता, पाणी होतं, एक सेलही होता.

"सकाळी येतो" म्हणालेला गीझरवाला संध्याकाळी साडेपाचला आला. विशीतला पोरगा, कानात एकच इयरफोन. गीझरकडे बघायच्या आधी त्याने वर बघितलं.

"टाकी धुतली का एवढ्यात?"

धुतली होती. रविवारीच. अण्णांनीच माणसं आणली होती आणि गच्चीवर उभं राहून फोटोही काढले होते.

पोराने एक पाना लावला, पाणी आत येतं तिथला नट सोडवला आणि चिमटीने एक जाळी बाहेर काढली. बाटलीच्या टोपणापेक्षाही लहान. तिच्यात बारीक वाळू, शेवाळ्याचा हिरवा गोळा आणि पांढऱ्या रंगाचा एक पोपडा. "दहा मीटर उंची असली तर एक किलो प्रेशर येतं," तो म्हणाला. "तुमची टाकी डोक्यावर तीन मीटर. एवढंसं अडकलं तरी आतला रबरी पडदा उचलला जात नाही. पडदा उचलला नाही की स्विच दाबला जात नाही. मग ठिणगी नाही, गॅस नाही." जाळी तळहातावर आपटली, ओठांशी धरली आणि म्हणाला, "फू."

टकटकटक, भप्प. निळी ज्योत.

"साडेतीनशे झाले."

"कशाचे?"

"व्हिजिटचे."

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. तो पेट्रोल जाळून आला, त्याला कुठे फुंकायचं ते माहीत होतं. पण टाकी धुण्याच्या वर्गणीत माझे ३०० गेलेत. म्हणजे तो कचरा पैसे भरून मीच मागवला आणि काढून घ्यायला ३५० परत मीच दिले. धुणारे तळ खरवडतात, गढूळ पाणी पुरतं सोडून न देताच वरून नवीन भरतात, आणि सोसायटी 'टाकी स्वच्छ' असा फोटो टाकते. मग खालच्या नळांना काय येतं ते कोण बघतो? नोटीस तरी द्या, की दोन बादल्या पाणी आधी वाहून जाऊ द्या. तेवढंही नाही. हे सगळं मी अण्णांना, कपडे घालून, खाली जाऊन सांगितलं.

"पहिल्या मजल्यावरून एकही तक्रार नाही," अण्णा म्हणाले.

"त्यांना प्रेशर आहे, अण्णा."

"तेच म्हणतोय. पाण्याचा प्रश्न नाही."

आणि रात्री ती सूचना. जशीच्या तशी देतो.

'१) टाकी धुतल्यानंतर सर्व सभासदांनी आपापल्या गीझरच्या जाळ्या साफ कराव्यात. फ्लॅट क्र. ११ यांनी ही काळजी न घेतल्याने त्यांची गैरसोय झाली. २) वरच्या मजल्यांवरून पार्किंगमध्ये सेल अथवा तत्सम वस्तू टाकू नयेत. वाहनांचे नुकसान झाल्यास संबंधितांकडून वसूल करण्यात येईल.'

मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. आत्तापर्यंत नऊ अंगठे आले आहेत. त्यातला एक आमच्याच घरातून गेलाय, आणि मावशी ग्रुपवर नाहीत.