शिकाऊ पोरगं कुणाच्या हाताखाली?

रविवारी संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्ही चौघं बसलो होतो. विषय ताईनेच काढला. तिची लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ऐरोलीतल्या एका ऑफिसात तीन महिने इंटर्नशिप करून परवाच मोकळी झाली. पगार शून्य.

"रोज ट्रान्स-हार्बरने जायची. पास आम्ही काढला, डबा मी दिला. आणि काम काय, तर बिलांवरचे आकडे एक्सेलमध्ये भरायचे. पहिल्या दिवशी जे, तेच शेवटच्या दिवशी."

"ताई, त्यालाच अनुभव म्हणतात," आमचा सीए म्हणाला. "आम्ही आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीची, तीन वर्षं अशीच घासली. व्हाउचर तपासून तपासून नजर बसते. 2023 पासून ती दोन वर्षांवर आणली, मला तर तेही पटलेलं नाही."

"पण एखादं व्हाउचर का अडवलंस, हे तुझे सर विचारायचे ना?" मी म्हटलं.

"विचारायचे म्हणजे? समोर उभं करून विचारायचे!"

"माझ्या लेकीला तीन महिन्यांत कुणी एकदाही काही विचारलं नाही रे," ताई म्हणाली. सीए गप्प झाला.

अण्णांचं म्हणणं वेगळं. वागळे इस्टेटमध्ये त्यांचं मशीन शॉप आहे, बारा माणसं कामाला. "तुम्ही सगळे पोरांच्या बाजूने बोलताय, मालकाच्या बाजूने कोण बोलणार? पोरगं आलं की पहिला महिना माझा एक माणूस त्याच्यामागे अडकतो. जरा हात बसला की पोरगं चाललं दुसरीकडे. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच टक्के तरी शिकाऊ घ्यायची कायद्याने सक्ती आहे. मला तीही नाही."

"तरी दरवर्षी दोन घेता, अण्णा. का?"

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि एका डिप्लोमाच्या पोराची गोष्ट सांगितली. त्याला 50 मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडे, लेथवर कातायला दिले होते. लेथवरून काढल्या काढल्या तो मायक्रोमीटर लावायचा, माप बरोबर यायचं, की पुढचा घ्यायचा. असे सहा झाले. दुपारी फोरमनने मोजले तर सहाच्या सहा वीस-पंचवीस मायक्रॉनने बारीक; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सगळे रिजेक्ट. पोरगं रडकुंडीला आलं.

फोरमन ओरडला नाही. त्याने सातवा शाफ्ट करायला लावला, गरम असतानाच मोजायला सांगितला, आकडा खडूने मशीनवर लिहून घेतला. मग पोराला चहाला घेऊन गेला. परत आल्यावर तोच शाफ्ट पुन्हा मोजायला लावला.

पोलाद एका अंशाने तापलं की मीटरमागे साधारण बारा मायक्रॉन वाढतं. म्हणजे 50 मिलिमीटरचा शाफ्ट चाळीस अंशांनी तापला तर चोवीस मायक्रॉन. मी पॉलिटेक्निकला शिकवतो, हे गणित दरवर्षी फळ्यावर सोडवून दाखवतो. त्या पोरानेही कुठेतरी ते सोडवून मार्क मिळवले असणार. पण गरम शाफ्ट आणि स्वतःचं गणित यांची गाठ त्या दिवशी पडली, आणि ती पडावी म्हणून एका माणसाने आपली दुपार दिली.

"आज माझं कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन तोच बघतो," अण्णा म्हणाले. "बाहेरून तयार माणूस आणला असता तर सहा शाफ्टपेक्षा कितीतरी महाग पडला असता. शिवाय तो कसा निघेल, हे आधी कुणाला ठाऊक?"

पैशांवरून मात्र वाजलंच. सीएने राज्य सरकारची 2024 ची कार्य प्रशिक्षण योजना काढली: महिन्याला बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीधराला दहा, थेट खात्यात. त्याचं म्हणणं, सरकार देतंय ना, मग मालकावर बोजा कशाला? ताई उसळली. "माझ्या लेकीला कुठे मिळाले? आम्हाला झेपलं म्हणून ती गेली. शेजारच्या पोरीला नाही झेपलं, ती दुकानात उभी राहते." मी ताईच्याच बाजूचा. फुकट राबवून घेतलं की ज्याच्या घरी भागतं तोच शिकतो, आणि हा अन्याय आहे.

"आणि पैसे देऊन, शिकवूनही प्रश्न सुटतो असं नाही," अण्णा म्हणाले. 20 मार्च 2018 ला रेल्वेच्या अ‍ॅप्रेंटिस पोरांनी माटुंगा-दादरमध्ये लोकल अडवल्या, ती सकाळ आम्हा सगळ्यांनाच आठवत होती. नोकरी द्या, एवढीच त्यांची मागणी. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने शिकाऊ हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी. पण हातात कसब आल्यावर पुढे काय, हे त्याने विचारायचंच नाही का? यावर आमच्यात काही ठरलं नाही.

उठताना मी माझ्यापुरतं ठरवलं ते सांगितलं. आमच्या इंटर्नशिपच्या फॉर्मवर कंपनीचं नाव असतं, शिक्का असतो. यंदा मी एक ओळ वाढवून मागणार आहे: प्रत्यक्ष शिकवणार कोण, त्याचं नाव. शेवटी सहीही त्याचीच.

अण्णा म्हणाले, "मग माझ्याकडच्या फॉर्मवर माझं नाव घालू नका, मास्तर. फोरमनचं घाला."