अंगठ्याखालचं साल

सिग्नल लाल झाला, मी थांबलो. मागची गाडी थांबली नाही. डिकी चेपली, टेललाइटचा चुरा झाला, माणसं मात्र धडधाकट.

मागच्या गृहस्थांनी उतरून आधी स्वतःचा बंपर कुरवाळला, मग मला म्हणाले, "तुम्ही एकदम थांबलात हो!" लाल सिग्नलला काय प्रस्तावना करून थांबायचं असतं? पण मी तोंड आवरलं आणि कामाचं विचारलं, "इन्शुरन्स आहे ना?"

"म्हणजे काय! असणारच की."

हे उत्तर नव्हे, ही श्रद्धा. ब्रिटनने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो १९३० च्या कायद्याने; तेव्हाही धडकणाऱ्याने हेच ऐकवलं असणार. कंपनी कुठली? आठवत नाही. पॉलिसी नंबर? "ते सगळं आमचा मेव्हणा बघतो." मेव्हणा फोन उचलेना. अखेर डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक कागद निघाला. घड्यांवर विरलेला, एका कोपऱ्याला गोळी चिकटलेली. तो त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. कंपनी दिसली, मुदत संपण्याचा दिवस दिसला, महिना दिसला. सालावर त्यांचा अंगठा.

"जरा अंगठा..."

"दिसतंय ना सगळं?"

मी डावीकडून वाकलो, अंगठा डावीकडे सरकला. उजवीकडून वाकलो, तोही उजवीकडे. मागे हॉर्नचा गोंगाट वाढला. मी घाईघाईत चार फोटो काढले आणि निघालो.

माझ्या विमा कंपनीतल्या बाईंनी ते बारकाईने पाहिले. "अंगठा सुरेख आलाय. नंबर प्लेट?" होती, डिकीचा फोटो काढताना कडेला आलेली. "मग कागद राहू द्या. नंबरावरून आम्ही शोधतो."

पुढचे दोन दिवस मी मनातल्या मनात त्या माणसाला कोर्टात उभं केलं. अंगठ्याची उलटतपासणी तर इतकी रंगली की घरच्यांनी जेवताना हा विषय काढायला बंदी घातली.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "त्यांचा विमा चालू आहे. नूतनीकरण वेळेवर झालंय. तो कागद मागच्या वर्षीचा असेल."

खटला निकालात निघाल्याचं दुःख गिळून मी त्या गृहस्थांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग एक लांब सुस्कारा.

"अहो, म्हणजे मेव्हण्याने खरंच पैसे भरले?"